मुंबई विद्यापीठातून चांगली कॉलेजं बाहेर पडत गेली, तर मागे राहिलेल्यांचं काय?

एसटीचा_पास (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी टीवायबीएला आहे, अर्थशास्त्र. रायगड जिल्ह्यातलं कॉलेज. नाव सांगत नाही, कारण आमचे निदान दोन सर इथे टोपणनावाने वावरतात असा दाट संशय आहे. गेल्या मंगळवारी बोर्डावर नोटीस लागली: ‘स्वायत्ततेबाबत विद्यार्थ्यांशी संवाद, शनिवार, सकाळी ११, सभागृह.’ आता लावणीचे दिवस. शनिवारी अर्धं कॉलेज गुडघाभर चिखलात असणार हे नोटीस लावणाऱ्यालाही ठाऊक आहे. असो.

माझा प्रश्न आमच्या कॉलेजपुरता नाही. मागच्या महिन्यात पनवेलला एका इंटरव्ह्यूला गेलो होतो. फॉर्मवर रकाना होता ‘विद्यापीठ’. मी लिहिलं मुंबई. शेजारी माटुंग्याच्या नावाजलेल्या कॉलेजातली मुलगी बसली होती, तिनेही मुंबईच लिहिलं. ‘कॉलेज’ असा रकानाच नव्हता. त्या एका ओळीपुरते आम्ही दोघं सारखे होतो. ती ओळ माझ्या किती कामाची आहे ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

आता एकेक कॉलेज स्वायत्त होतंय, म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतःच्या हातात घेतंय, काही तर वेगळी विद्यापीठं झालीत. उद्या फॉर्मवर कॉलेजचा रकाना आला की आम्ही काय लिहायचं? विद्यार्थ्यांनी बोलावं. मोठ्यांनीही बोलावं, पण ‘आमच्या वेळी’ जरा कमी.

---

दादर_टीटी

मी स्वायत्त कॉलेजात आहे, एसवाय. खरं सांगू? मला आवडतं. परीक्षा संपल्यावर तीन आठवड्यांत निकाल. आमच्या ताईच्या वेळचा २०१७ चा घोळ आठवतोय का? उत्तरपत्रिका संगणकावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्‌महिने रखडले, शेवटी राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. ताईच्या वर्गातल्या कितीतरी जणांचे पुढचे प्रवेश लटकले होते. त्यानंतर आमच्या घरात ‘स्वायत्त’ हा शब्द ऐकला की आईच हो म्हणाली.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. शिकवणार तेच सर, पेपर काढणार तेच, तपासणारही तेच. शेवटच्या आठवड्यात सर ज्या पानावर जरा जास्त वेळ रेंगाळतात ते पान आम्ही दुमडून ठेवतो. येतंच. मार्क चांगले पडतात, घरी पेढे वाटले जातात. मग एमएच्या प्रवेश परीक्षेला बसल्यावर समजतं की आपण फक्त सरांचा आवाज ओळखायला शिकलो होतो.

आणि एसटीच्या पासा, पदवी आम्हालाही मुंबई विद्यापीठच देतं. प्रमाणपत्रावर कॉलेजचं नाव येतं एवढंच. बाहेर पडणं वेगळं, स्वायत्त होणं वेगळं.

---

एसटीचा_पास

‘एवढंच’ कसं? मी त्याच ‘एवढंच’बद्दल विचारतोय.

---

निवृत्त_मास्तर

धागाकर्त्याने मोठ्यांना तंबी दिलेली आहे, तरी बोलतो. एकतीस वर्षं इतिहास शिकवला, संलग्न कॉलेजातच.

मुळात हे विद्यापीठ म्हणजे काय होतं ते पाहा. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर (इंग्रजांचं शिक्षणविषयक धोरणपत्र) १८५७ साली कलकत्ता, मुंबई, मद्रास अशी तीन विद्यापीठं निघाली. मुंबईचं १८ जुलैला. तिन्हींसमोर नमुना होता लंडन विद्यापीठाचा. शिकवणार कॉलेजं, विद्यापीठ फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार. ना वर्ग, ना प्राध्यापक. राजाबाई टॉवर उभा राहिला १८७८ साली, तोही प्रेमचंद रायचंदांच्या पैशांतून. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर १८६२ च्या पहिल्या तुकडीत बीए झाले तेव्हा त्यांना दाखवायला विद्यापीठाची अशी धड इमारतही नव्हती.

म्हणजे कॉलेजांचा ‘महासंघ’ हीच याची घडण. आणि यातून बाहेर पडणं म्हणाल तर ते काही आजचं नाही. १९४९ साली पुणे वेगळं झालं, फर्ग्युसनसकट. कर्नाटक आणि गुजरातही त्याच सुमारास गेले. कोल्हापूरला १९६२ साली शिवाजी विद्यापीठ झालं. गोवा १९८५ साली गेला. १९९८ साली नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघालं आणि वैद्यकीय कॉलेजं तिकडे वळली. २००८ साली यूडीसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञानाचं आताचं आयसीटी, अभिमत विद्यापीठ झालं, स्वतःची पदवी देणारं. २०१९ साली एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आणि सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज मिळून होमी भाभा राज्य विद्यापीठ. पाठोपाठ २०२० मध्ये केसी आणि एचआर ही कॉलेजं ज्यात आहेत ते एचएसएनसी विद्यापीठ.

गंमत बघा. संलग्न झालेल्या अगदी सुरुवातीच्या कॉलेजांमध्ये दोन नावं होती, एल्फिन्स्टन आणि ग्रँट मेडिकल. आज दोन्ही मुंबई विद्यापीठात नाहीत. विद्यापीठ मात्र आहे, आठशेहून अधिक कॉलेजं सांभाळून. तेव्हा घाबरू नये असं माझं मत.

---

चहा_कटिंग

मास्तर, माहिती झकास. +१

---

एसटीचा_पास

सर, यादी वहीत उतरवून घेतली. पण तुमच्याच यादीत मला उलटं दिसतंय.

पुणे गेलं तेव्हा तिकडची सगळी कॉलेजं गेली, बरी-वाईट सगळी. गोवा गेला तेव्हा गोव्यातली सगळी. डॉक्टरकी गेली ती अख्खी शाखा म्हणून. तेव्हा जिल्हे जायचे, शाखा जायच्या. आता कोण जातंय? ज्याचं नॅक (कॉलेजांचं सरकारी मूल्यांकन) चांगलं, ज्याची कटऑफ नव्वदच्या पुढे, ज्याचे माजी विद्यार्थी पैसे देऊ शकतात तो. विभाजन आणि निवड यांत फरक आहे ना सर? भावकीत वाटणी होते तेव्हा बांध पडतात, प्रत्येकाला थोडी खाचरं (भाताची चांगली जमीन) मिळतात, थोडा वरकस (हलकी, चढाची). इथे खाचरं तेवढी उचलली जातायत.

---

निवृत्त_मास्तर

उत्तर सुचेपर्यंत गप्प बसतो. मुद्दा पटला.

---

ब्लूम्सबरीतला_वडापाव

मूळचा डोंबिवलीकर. मुंबई विद्यापीठातून बीकॉम, आता लंडनला एलएसईत (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) मास्टर्स. मास्तरांनी लंडनचं नाव काढलं म्हणून आलो, कारण ज्या नमुन्यावर आपलं विद्यापीठ बेतलं त्याचं पुढे काय झालं ते इथे रोज बघतो.

बाबासाहेबांची डीएससी १९२३ ची, एलएसईत शिकून मिळवलेली, पण पदवी लंडन विद्यापीठाची. मला मात्र एलएसईची पदवी मिळणार. २००८ पासून एलएसई स्वतःच्या नावाने देते. यूसीएल आणि किंग्ज या लंडन विद्यापीठाच्याच कॉलेजांनीही त्याच सुमारास तेच केलं. इम्पीरियल तर २००७ साली शंभरी साजरी करता करता महासंघातूनच बाहेर पडलं. २०१८ साली पार्लमेंटने कायदा केला, त्यामुळे आता घटक कॉलेजांना ‘विद्यापीठ’ हा दर्जा घेऊनही महासंघात राहता येतं. मग लंडन विद्यापीठ उरलं कशात?

तर माझ्या जेवणाच्या टेबलात. मी विद्यापीठाच्या सामायिक वसतिगृहात राहतो. रात्री जेवायला बसलो की समोर किंग्जची वकिलीची मुलगी, बाजूला सोआस कॉलेजातला स्वाहिली भाषा शिकणारा, पलीकडे रॉयल व्हेटर्नरीचा एक जण, जो जेवताना गाईच्या आतड्यांबद्दल बोलतो. सिनेट हाऊस या विद्यापीठाच्या इमारतीतली लायब्ररी सगळ्यांची. घरबसल्या परीक्षा देऊन पदवी घ्यायची सोय १८५८ पासून आहे, ती विद्यापीठाच्याच नावावर चालते. थोरले वेगळे निघाले, पण ओटी आणि विहीर सामायिक ठेवली.

आता वाईट बाजू. सगळ्या कॉलेजांच्या मुलांची मिळून एक विद्यार्थी संघटना होती, यूएलयू. ती विद्यापीठाने २०१४ साली बंद केली. मुलं बोंबलत राहिली की आम्हाला विचारलं नाही, मतदान घेतलं नाही. सिनेट हाऊसमध्ये ठिय्या झाला, पोलीस आले. संघटना गेली ती गेलीच. महासंघ सैल व्हायला लागला की आधी काय सुटतं? मुलांच्या हातातली गाठ. इमारती शेवटपर्यंत राहतात.

आपल्याकडे असं सामायिक काय आहे, हा माझा प्रश्न. कलिनाच्या विद्यापीठ संकुलातल्या लायब्ररीत तुमच्यातले किती जण गेलेत?

---

एसटीचा_पास

कलिनाला एकदाच गेलोय. पहाटे साडेचारला निघालो, सही शिक्का घेतला, रात्री साडेदहाला घरी. लायब्ररी लांबून बघितली.

---

मेकअप_काढला_नाही

सामायिक काय आहे विचारता? युवा महोत्सव!! अहो, मी तीन वर्षं एकांकिका आणि मूकनाट्य केलंय. सावंतवाडीची पोरं आणि चर्चगेटची पोरं एका विंगेत उभी राहतात, एकाच आरशासमोर दाढी-मिशा चिकटवतात. पहिल्या वर्षी आमचा स्पिरिट गम संपला, तर देवरुखकडच्या ग्रुपने दिला. नंतर त्यांनीच आम्हाला हरवलं. लवकर हरवलं.

स्वायत्त कॉलेजं त्यात अजून असतात, कारण ती संलग्नच आहेत. पण वेगळं विद्यापीठ झालं की संपलं, तुमचा महोत्सव वेगळा. शिकणं-बिकणं मला कळत नाही, पण फोर्टातल्या मुलीला देवरुखची मुलगी माहीतच नसेल तर ती मुंबई विद्यापीठाची कशी?

---

मांडवीचा_धक्का

गोव्याहून. आमच्या घरात दोन्ही पिढ्या आहेत. बाबांनी पणजीत शिकून बीएससी केली, पदवीवर मुंबई विद्यापीठ. धाकट्या काकाने चार वर्षांनी त्याच वर्गात, त्याच बाकावर बसून केली, पदवीवर गोवा विद्यापीठ. आजोबा बरीच वर्षं काकाला ‘तुझी लोकल डिग्री’ म्हणून चिडवायचे.

पण खरं सांगते, काकाला फायदाच झाला. मार्कशीटमधली चूक दुरुस्त करायला बाबांना तेव्हा एक रात्र बसने मुंबईला जावं लागलं, दादरला मावशीकडे मुक्काम. काका दुपारी जेवून स्कूटरवरून ताळगावच्या पठारावर गेला आणि चहाला घरी. त्यामुळे ‘मोठं नाव’ आणि ‘जवळचं कार्यालय’ यात मला निवडायला सांगितलं तर मी दुसरं घेईन. एसटीच्या पासाचं साडेचार ते साडेदहा वाचून तर नक्कीच. कोकणाचं वेगळं विद्यापीठ हवं ही मागणी मधूनमधून होते ना तुमच्याकडे? तिला विरोध का असतो ते मला कधी कळलं नाही.

---

रत्नांग्री_हापूस

असतो, कारण पोरांना ‘मुंबई’ हवी. मागणी करतात ते पुढारी आणि आमच्यासारखे ज्यांची शिक्षणं उरकलीत ते. पोराला विचारा, तो म्हणतो नको, मला मुंबईच राहू दे. रत्नागिरीला उपकेंद्र आहे, सावंतवाडीला आहे, ठाण्याला आणि कल्याणला आहे. त्यांना नुसतं नाव न देता हातात शिक्के द्या, म्हणजे नाव मुंबईचं आणि काम रत्नागिरीत. एवढं साधं कोणाला सुचत नाही. की सुचतं आणि परवडत नाही, देव जाणे.

---

टेबल_नंबर_सात

मी एका संलग्न कॉलेजच्या कार्यालयात हेडक्लार्क आहे. कुठल्या ते विचारू नका. इथे सगळे नावाबद्दल बोलताहेत, मी कागदाबद्दल बोलतो.

स्वायत्तता घ्यायची म्हणजे कॉलेजला काय लागतं? प्रत्येक विषयाचं अभ्यास मंडळ, त्यावर बाहेरचे तज्ज्ञ. विद्वत परिषद. वित्त समिती. परीक्षा नियंत्रक, त्याची वेगळी खोली, सीसीटीव्ही, कुलूपबंद कपाट, छपाई. तीस खोल्यांच्या कॉलेजला हे जमतं. आमच्याकडे अकरा शिक्षक, त्यातले सहा सीएचबी. म्हणजे तासिका तत्त्वावर: तास घेतला तर पैसे, आणि दिवाळीच्या सुट्टीत शून्य. त्या सहांपैकी दोघं दुपारी दुसऱ्या कॉलेजात असतात. अभ्यास मंडळावर कोणाला बसवू? परीक्षा नियंत्रक कोणाला करू, शिपायाला?

तरी प्रस्ताव होतो. का होतो ते सांगतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात लिहिलंय की संलग्नतेची पद्धत पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करायची. शिवाय २०४० पर्यंत प्रत्येक संस्थेत तीन हजार किंवा जास्त विद्यार्थी असावेत हे उद्दिष्ट. आमचा एकूण पट सहाशे चाळीस. मग संस्थाचालक घाबरतात. एक तर स्वायत्त व्हा, नाही तर कोणात तरी विलीन व्हा. तिसरा पर्याय कोणी मोठ्याने बोलत नाही, पण टाळं सगळ्यांना दिसतं.

पोरांनो, तुम्हाला वाटतं मोठी कॉलेजं गेली तर फक्त इज्जत जाते. एक साधी गोष्ट बघा: माटुंग्याचा परीक्षक आपल्या पोराचा पेपर तपासायचा आणि आमचे सर माटुंग्याचा. कोणाचा कोणता ते कोणालाच माहीत नसायचं. त्या अदलाबदलीमुळे दोन्हीकडच्या साठ मार्कांना एकच वजन होतं. आता तिकडचे तिकडे तपासतात. आपले साठ आणि त्यांचे साठ यांचा हिशेब जुळवायचा कसा, हे विचारा तुमच्या शनिवारच्या सभेत.

---

दादर_टीटी

सात नंबर काका, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आमच्या दुमडलेल्या पानाचा आणि तुमच्या पेपरांच्या गठ्ठ्याचा असा संबंध आहे तर. माझं मत बदललं असं नाही म्हणत, निकाल तीन आठवड्यांतच हवा. पण निदान तिसऱ्या वर्षाचा एक पेपर सगळ्यांना सारखा, बाहेरून तपासलेला असायला हवा. आमचे ऐंशी खरे आहेत का तेही कळेल. आमच्या वर्गात हे बोललो तर मार खाईन, ती गोष्ट वेगळी.

---

खरं_बोलतो_राग_नको

हे सगळं चर्चासत्र ठीक आहे, पण विद्यार्थ्यांना विचारतो कोण? कॉलेजातल्या निवडणुका गेल्या शतकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्याने परत आणल्या, कागदावर. २०१९ साली होणार होणार म्हणता पुढे ढकलल्या. सिनेटवर, म्हणजे विद्यापीठाच्या अधिसभेवर, पदवीधरांच्या दहा जागा आहेत, त्यांची निवडणूक २०२४ साली झाली, तीही कोर्टकचेरी करून. आणि नोंदणी करायला पदवी झालेली असावी लागते! म्हणजे शिकत असताना मत नाही, बाहेर पडलात की द्या. वरातीमागून घोडं.

---

चहा_कटिंग

राग नको म्हणणाऱ्याचा नेहमी सगळ्यात जास्त राग असतो. पण मुद्दा बरोबर.

एसटीच्या पासा, शनिवारी काय झालं?

---

एसटीचा_पास

सांगतो. उशीर झाला, माझ्याही घरची लावणी चालू होती.

आम्ही चौदा जण होतो. त्यातले पाच एनएसएसचे, त्यांना हजेरी लागणार होती. सरांनी वीस मिनिटं स्लाइड दाखवल्या. ‘लवचीक अभ्यासक्रम’, ‘उद्योगांशी जोडणी’. लाइट गेली तेव्हा उरलेलं तोंडी सांगितलं, आणि ते जास्त चांगलं होतं. सर म्हणाले, मलाही खात्री नाही, पण नाही म्हटलं तर पाच वर्षांनी आपल्याला कोणी विचारणार नाही. सरांना पहिल्यांदाच असं बोलताना ऐकलं.

मी तीन प्रश्न विचारले. पहिला, पदवीवर नाव काय येणार? उत्तर: मुंबई विद्यापीठ आणि खाली आपलं. दुसरा सात नंबर काकांचा, आमच्या साठ मार्कांचं वजन कोण ठरवणार? सरांनी तो डायरीत लिहून घेतला. तिसरा, अभ्यास मंडळावर विद्यार्थी असेल का? सर म्हणाले माजी विद्यार्थी असतो. मी म्हटलं, सर, आजी? सगळे हसले, सरही. उत्तर राहून गेलं.

मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, एफवायची, नाव मला माहीत नाही. म्हणाली, ‘सर, आमच्या वाडीतून मी पहिली कॉलेजात आलेय. घरी सांगितलंय की मी मुंबई विद्यापीठात शिकते. ते बदलणार असेल तर आधी सांगा, मला घरी सांगावं लागेल.’ यावर कोणी हसलं नाही.

शेवटी फॉर्म वाटले. ‘स्वायत्ततेमुळे आपल्याला कोणते फायदे अपेक्षित आहेत?’ असा एकच प्रश्न, खाली पाच ओळी रिकाम्या. मी त्या पाच ओळींत हा धागा थोडक्यात लिहिला आणि जागा पुरली नाही म्हणून पाठीमागेही लिहिलं.

मास्तर, वडापाव, मांडवी, सगळ्यांचे आभार. पुढे काय करावं तेवढं सांगा.

---

टेबल_नंबर_सात

सभेच्या इतिवृत्ताची प्रत माग. साध्या कागदावर अर्ज चालतो, प्राचार्यांच्या नावाने. तुझा साठ मार्कांचा प्रश्न आणि त्या मुलीचं बोलणं त्यात आलंय का ते बघ. नसेल तर पंधरा दिवसांच्या आत दुरुस्तीचा अर्ज दे, पुढच्या बैठकीत इतिवृत्त कायम झालं की मग काही करता येत नाही.

आणि दोन्ही अर्जांवर आवक नंबर टाकून घे. क्लार्क जेवायला गेलाय म्हणाले तर थांब. दोन वाजता येतो.